एकट्याने चालवायची व्यायामाची साइट: लोकांचं किती आणि कसं ऐकायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात नोकरी करता, सकाळी तालमीत पोरांना जोर-बैठका शिकवता, एचटीएमएल आणि थोडं जावास्क्रिप्ट येतं. मराठीतून व्यायामाची वेबसाइट एकट्याने उभी करायची आहे आणि लोकांना विचारत विचारत ती वाढवायची आहे. सुरुवात कुठून करू, कुणाचं किती ऐकू, खर्च कसा निघेल आणि पुढे नोकरी सोडू का, हे तुम्ही विचारलंय. मी अशीच एक साइट इथूनच, एकट्याने, बरीच वर्षं चालवतो आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'कुणाचं किती ऐकू' हे घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. लोक तुम्हाला मागणी सांगतात. अडचण सांगत नाहीत. 'अॅप काढा', 'डाएट प्लॅन टाका', 'बायकांसाठी वेगळा विभाग करा' असं तुमच्या कानावर येत राहील. यातली प्रत्येक मागणी पुरी करायला गेलात तर वर्षभरात थकून साइट बंद कराल. आणि दुर्लक्ष केलंत, तर त्या मागणीमागे लपलेली खरी अडचण कधीच सुटणार नाही. मागणी ऐकून घ्यायची, पण काम अडचणीवर करायचं.

'अॅप काढा' म्हणणाऱ्या माणसाला मी विचारतो, 'काल साइट कशी उघडली होती?' बहुतेक वेळा उत्तर येतं की भाच्याने व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली होती, ती आता सापडत नाही. त्याला अॅप नकोच आहे, परत यायचा रस्ता हवा आहे. पहिल्याच पानावर 'ही साइट फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा' असं मोठ्या अक्षरांत, चित्रासकट लिहिलं की काम झालं. अॅप म्हणजे दोन स्टोअरांची खाती, त्यांचे बदलते नियम, दर थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती. एकट्या माणसाने ते ओझं घ्यायला नको.

बायकांसाठी वेगळ्या विभागाची मागणी जास्त विचार करायला लावणारी आहे. अशी मागणी करणाऱ्या ताई-मावशींशी सावकाश बोललात तर कळतं की त्यांना व्यायाम वेगळे नको असतात. चित्रांत सगळीकडे हाफ चड्डी-बनियनमधली पोरं असतात, ते खटकतं. घर एका खोलीचं, त्यात सासरे बसलेले, मग जमिनीवर आडवं होऊन पाय उचलायचे कसे? मोबाइलमधून मोठ्याने 'एक, दोन, तीन' ऐकू आलं की शेजारीण डोकावते. यातून तीन ठोस कामं निघतात: साडी आणि पंजाबी ड्रेसमधल्या बायकांची चित्रं काढून घेणं, उभ्याने किंवा भिंतीला टेकून होणाऱ्या व्यायामांचा एक संच करणं, आणि मोजणीचा आवाज बंद करून फक्त आकडे मोठे दाखवायची सोय करणं. वेगळा विभाग केला असता तर यातलं एकही झालं नसतं. भिंतीला हात टेकून केलेले जोर हा तर असा व्यायाम आहे की साठीच्या माणसालाही तो सुरुवातीला चालतो, त्यामुळे त्या संचाचा फायदा सगळ्यांनाच झाला.

आता हे ऐकायचं कुठे. यात सोलापूरसारख्या गावात राहण्याचा मोठा फायदा आहे. पार्क मैदानावर, सिद्धेश्वर तलावाच्या काठाने किंवा संभाजी तलावाकडे सकाळी सहा वाजता गेलात तर तुमचे वाचक चालताना दिसतील. ओळख काढा, फोन त्यांच्या हातात द्या आणि सांगा, 'यातून गुडघे न दुखवता करायची बैठक शोधून दाखवा.' मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, कारण तोंडातून 'वर दाबा, तिकडे दाबा' निघतंच. पण माणूस कुठे थांबतो, कुठे चष्मा शोधतो, कुठे चुकून मागे जातो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. पाच माणसांना असं बघितलंत तरी महिन्याभराचं काम मिळतं. नंतर त्यांना 'कशी वाटली?' असं विचारू नका. आपली माणसं तोंडावर 'छान आहे की' म्हणतात आणि प्रेमाने म्हणतात. 'कुठे अडलं?' असं विचारा.

साइटच्या प्रत्येक पानाखालीही तोच एक प्रश्न ठेवा: 'या पानावर कुठे अडलं?' खाली एक रिकामी चौकट. तारे नकोत, नाव-ईमेलची सक्ती नको. पाचपैकी चार तारे मिळाल्याने तुम्हाला उद्या काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. 'तिसऱ्या चित्रात डावा हात कुठे आहे ते दिसत नाही' या एका ओळीने कळतं.

जे ऐकाल ते वहीत लिहा, आणि त्या माणसाच्याच शब्दांत लिहा. तो काय करत होता, साधारण वय काय, फोन कोणता, एवढंही नोंदवा. माझा नियम असा की एकच अडचण तीन वेगवेगळ्या माणसांकडून आली की कामाच्या यादीत जाते, तोवर वहीतच राहते. याला दोन अपवाद. कुणी 'हे करताना दुखलं' किंवा 'चक्कर आली' असं कळवलं, तर ते पान त्याच दिवशी काढून तपासायचं. माहिती चुकीची असल्याचं कुणी दाखवलं, तर तीही त्याच दिवशी. आणि अडचण दूर केली की ज्याने सांगितली त्याला कळवायचं, 'तुम्ही म्हणालात ते केलं.' असा निरोप मिळालेला माणूस पुढची अनेक वर्षं तुमच्यासाठी चुका शोधतो. याहून मोठी मदत एकट्या माणसाला मिळत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अभिप्रायासाठी ग्रुप काढू नका. आठवड्यात सुप्रभातची चित्रं सुरू होतात, महिन्यात दोन बोलके सभासद सगळ्यांच्या वतीने बोलू लागतात आणि बाकीचे गप्प होतात. ज्यांना सगळ्यात जास्त अडतं तेच ग्रुपवर सगळ्यात कमी बोलतात. एकतर्फी चॅनेल ठेवा, त्यावर नवं काय आलं ते कळवा, उत्तरं एकेकाला द्या.

जाणकारांचा अभिप्राय वेगळा घ्यावा लागतो. तालमीतले वस्ताद आणि फिजिओथेरपिस्ट यांचं काही बाबतींत पटणार नाही, हे धरूनच चाला. वस्ताद म्हणतील बैठक पूर्ण खाली गेली पाहिजे, फिजिओथेरपिस्ट म्हणतील गुडघेदुखीच्या माणसाने खुर्चीपर्यंतच जावं. दोघंही आपल्या समोरच्या माणसाबद्दल खरंच बोलत असतात. वस्तादांसमोर सोळा वर्षांचा पैलवान असतो, फिजिओथेरपिस्टांसमोर पंचावन्न वर्षांचे काका. म्हणून एकाच पानावर पायऱ्या द्या: खुर्चीवर बसून उठणं, मग खुर्चीला नुसता स्पर्श करून, न बसता उठणं, मग अर्धी बैठक, मग पूर्ण. कोणती पायरी कुणासाठी आणि पुढच्या पायरीवर कधी जायचं, हे लिहा. पान कोणत्या जाणकाराने तपासलं आणि कधी, हे खाली नोंदवा. कुणाला दुखणं असेल तर साइटने उपचार सांगायचा नाही, डॉक्टरकडे जा असं सांगायचं. छातीत दुखणं, चक्कर, मधुमेह, रक्तदाब, गरोदरपण याबद्दलचे प्रश्न पहिल्याच व्यायामाच्या आधी विचारा, तळाशी बारीक अक्षरांत लपवू नका.

सुरुवात कुठून, याचं उत्तर यातूनच येतं. 'सगळ्यांसाठी फिटनेस' अशी साइट काढू नका. एका प्रकारचा माणूस निवडा. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बायका तासन् तास बसतात, आणि मजुरी हजार विड्यांवर मिळत असल्याने उठायला मन होत नाही. यंत्रमागावरचे कामगार उलट लांब पाळी उभ्याने काढतात. होटगी रोडला किंवा जुळे सोलापुरात राहणारा बँकेतला माणूस दिवसभर खुर्चीत असतो. या तिघांना एकाच पानावर समाधान देता येत नाही. एकाला निवडा, त्याच्यासाठी दहा-बारा व्यायाम नीट लिहा, आणि प्रत्येकात चित्र, नेहमी होणारी चूक, सोपी पायरी आणि कधी थांबायचं हे असू द्या. विड्या वळणाऱ्या बाईसाठी लिहायचं ठरवलंत तर तिच्या घरी तेलुगूही बोलली जात असण्याची शक्यता खूप आहे. तिथे चित्रं इतकी बोलकी हवीत की वाचायची गरज कमी पडावी.

आता तांत्रिक बाजू. इथे मी आग्रहाने सांगतो की लॉगिन करू नका. साधी स्थिर पानं ठेवा. गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ती फुकट ठेवता येतात, खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास. डेटाबेस नाही म्हणजे रात्री दोनला तो बंद पडायची भीती नाही. माणसाच्या व्यायामाची नोंद त्याच्याच फोनच्या ब्राउझरमध्ये साठवा. यात एक मेख आहे: आयफोनच्या सफारीत, ब्राउझर वापरात असतानाही सात दिवस तुमच्या साइटला हात लागला नाही, तर साठवलेली नोंद पुसली जाते. होम स्क्रीनवर ठेवलेल्या साइटला ही अडचण येत नाही. तरीही 'माझी नोंद फाइलमध्ये उतरवून घ्या' असं एक बटण सगळ्यांसाठी द्याच.

फॉन्ट बाहेरून आणू नका. देवनागरी फॉन्टच्या फाइलला जोडाक्षरांमुळे बरंच वजन असतं, आणि अँड्रॉइड फोनमध्ये वाचता येईल असा देवनागरी फॉन्ट आधीच असतो. अक्षर मोठं आणि ओळींत अंतर जास्त ठेवा, म्हणजे वेलांट्या-मात्रा वरच्या ओळीला घासत नाहीत. हालचाल दाखवायला जिफ वापरू नका, तेच चित्रण आवाज काढलेल्या छोट्या एमपी४ मध्ये कितीतरी हलकं होतं. पण व्हिडिओपेक्षा दोन-तीन रेखाचित्रं जास्त उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे. व्यायाम करताना माणूस फोनकडे एक नजर टाकतो, व्हिडिओ बघत बसत नाही.

टायमर तुम्ही कराल तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोनचा स्क्रीन मधेच विझला की माणूस चिडतो, म्हणून स्क्रीन जागा ठेवण्याची ब्राउझरची सोय वापरा. ती आता क्रोम आणि सफारी दोन्हींत आहे. दुसरं, सेकंद मोजायला दर सेकंदाला एक वाढवत जाऊ नका. फोन आला किंवा दुसरी खिडकी उघडली की ब्राउझर पाठीमागच्या पानाचं काम मंदावतो आणि तुमची तीस सेकंदं पन्नास होतात. सुरुवातीची वेळ लिहून ठेवा आणि दर वेळी घड्याळातून ती वजा करा. मोजणीचा आवाज यंत्राचा घेऊ नका. मराठी आवाज प्रत्येक फोनमध्ये नसतो आणि असला तरी लय चुकते. तुम्ही तालमीत ज्या ठेक्यात मोजता त्याच ठेक्यात स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. आवाज मात्र माणसाने बटण दाबल्यावरच सुरू करा, त्याशिवाय ब्राउझर तो वाजू देत नाहीत.

बारीक वाटेल पण महत्त्वाची अडचण आकड्यांची आहे. मराठी कीबोर्डवरून माणूस वजन '६२' असं देवनागरीत लिहितो आणि संख्येसाठीची ठरावीक चौकट ते स्वीकारतच नाही. त्याला वाटतं साइट बिघडली. चौकट साधी मजकुराची ठेवा, आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी सूचना द्या आणि देवनागरी आकडे आतल्या आत बदलून घ्या. शोधाच्या चौकटीतही तसंच. लोक 'सूर्यनमस्कार' तोडून लिहितील, जोडून लिहितील, रोमन लिपीत लिहितील. प्रत्येक व्यायामाला त्याची सगळी प्रचलित नावं आणि स्पेलिंगं जोडून ठेवा.

मजकुरात आकडे देताना जपून द्या, कारण लोक ते पाठ करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. पार्क मैदानावर रोज चालणाऱ्या बहुतेकांचा पहिला भाग पुरा होतो, दुसऱ्याला हातही लागलेला नसतो. ही एक गोष्ट नीट समजावून सांगितलीत तरी साइटचं मोठं काम झालं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) दाखवणार असाल तर परदेशी साइटवरचे २५ आणि ३० हे टप्पे जसेच्या तसे घेऊ नका. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कॅलरी काढण्याचं कोणतंही सूत्र अंदाजच देतं, दहा टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं. म्हणून '१४८६' असा नेमका आकडा दाखवू नका, 'साधारण १४०० ते १६००' असं दाखवा.

'डाएट प्लॅन द्या' ही मागणी तर थांबणारच नाही. प्लॅन देऊ नका, तो आहारतज्ज्ञाचा प्रांत आहे. पण त्यामागचा प्रश्न खरा असतो: 'मी भाकरी खातो, मला प्रथिनं कुठून मिळणार?' याचं उत्तर सोलापूरच्या ताटातूनच द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते वापरा, परदेशी यादीत आपली ज्वारी नीट सापडत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. आपल्याकडे निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. दोन-तीन भाकऱ्या, वाटीभर डाळ, दही, मटकी आणि शेंगा चटणी यांनी किती अंतर कापलं जातं, हे वाट्या-चमच्यांत दाखवा. चटणीबद्दल एक खरं सांगायलाच हवं: वीस ग्रॅम शेंगदाण्यांतून पाचेक ग्रॅम प्रथिनं येतात, पण शंभरेक कॅलरीही येतात. वजन कमी करू पाहणाऱ्याने चटणी सोडायची नाही, मोजून घ्यायची. असं पान लिहिलंत की लोक ते घरात वाचून दाखवतात.

उन्हाळ्याचं वेगळं पान करा. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हिवाळ्यातला कार्यक्रम तसाच दाखवत राहणं धोक्याचं आहे. त्या दिवसांत पहिल्याच पानावर पहाटेची वेळ, कमी आवर्तनं, पाणी, आणि मळमळ किंवा डोकं हलकं झाल्यास लगेच सावलीत जाण्याची सूचना ठेवा.

तालमीतल्या पोरांचे फोटो साइटवर टाकायचा मोह होईल. थांबा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांना बालक धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. तुमच्या तालमीतली निम्मी पोरं त्या वयाची असतील. रेखाचित्रं वापरा. लोकांची वजनं, आजार, मासिक पाळीची माहिती स्वतःकडे गोळाच करू नका. जी माहिती तुमच्याकडे नाही ती फुटूही शकत नाही. इंटरनेटवरून चित्रं उचलू नका. 'वेगर' (wger) नावाचा खुला प्रकल्प बघा, त्यात व्यायामांची मोठी यादी आहे, पण त्याचा परवाना वाचून घ्या. श्रेय द्यावं लागतं, आणि त्याचा कोड बदलून साइट म्हणून चालवलात तर तुमचा कोडही खुला ठेवावा लागतो.

खर्चाचं. साइट इतकी स्वस्त ठेवा की तिला कमवावंच लागू नये. प्रोटीन पावडरच्या जाहिराती आणि कमिशनच्या लिंका घेऊ नका. ज्या दिवशी डब्याच्या विक्रीतून पैसे यायला लागतात, त्या दिवसापासून भाकरी-डाळीचं पान लिहिताना हात आखडतो. युपीआयचा कोड एका कोपऱ्यात ठेवा, ज्याला द्यावंसं वाटेल तो देईल. खरी मिळकत प्रत्यक्ष शिकवण्यातून येते. साइट वाचून लोक सकाळच्या वर्गाला येतात, संस्था आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बोलावतात. साइटमुळे विश्वास आधीच बसलेला असतो.

एकट्याने चालवायची म्हणून काही शिस्त लागते. बदल आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी करा, रोज नाही. 'ही साइट काय करणार नाही' असं एक पान लिहा, म्हणजे नकार दर वेळी नव्याने द्यावा लागत नाही. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा आणि पासवर्ड घरातल्या एका माणसाकडे बंद पाकिटात द्या. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत किंवा घरातल्या लग्नात महिनाभर लक्ष देता आलं नाही तरी साइट चालू राहिली पाहिजे, तशीच ती बांधा.

नोकरीचं विचारलंत, तर आत्ता सोडू नका. सकाळची तालीम आणि आठवड्यातली एक संध्याकाळ एवढ्यात ही साइट उभी राहते. वर्गांतून येणारे पैसे सलग वर्षभर घरखर्चाला पुरले, तर तेव्हा घरच्यांबरोबर बसून तो विषय काढा. या रविवारी मात्र फक्त एक करा: बैठकीचं एकच पान कागदावर लिहा, चित्रं हाताने काढा, आणि ते घेऊन सकाळी पार्क मैदानावर जा.